सहकाऱ्यांना नवी प्रणाली शिकवताना माऊस कोणाच्या हातात असावा?

खातेवही (इंदूर)

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या सियागंज बाजारातील एका घाऊक पेढीवर मी हिशेबाची बाजू सांभाळतो. सुका मेवा, मसाले आणि किराणा हा आमचा माल, आणि इंदूर, देवास, धार ते थेट खरगोनपर्यंतचे किरकोळ दुकानदार ही आमची गिऱ्हाइके. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे, अशा व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले आणि आमची पेढीही त्यात आली. तोपर्यंत बिल हाती फाडून संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले तरी चालत असे. आता व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाची माहिती आधी सरकारी पोर्टलवर जाते, तिथून चौसष्ट अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड येतो, आणि मगच ते बिल ग्राह्य धरले जाते. त्यामुळे संगणक ही एका खोलीतील एका मुलाची बाब राहिली नाही. गोदामापासून गल्ल्यापर्यंत सर्वांचा त्याच्याशी संबंध येऊ लागला.

अडचण यंत्राची नाही. पेढीत एक तरुण आहे, त्याला हे सारे उत्तम येते. तो रजेवर गेला की बिले थांबतात आणि गाडी भरून दारात उभी राहते. म्हणून मालकांनी त्यालाच इतरांना शिकवायला सांगितले. त्याने मनापासून शिकवले, सर्वांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बिलाला गोदामातून त्याच्या नावाने हाक आली. मी काही दिवस बाजूला बसून हे शिकवणे पाहिले. समोरचा माणूस जरा थबकला की हा मुलगा त्याच्या हातातून माऊस घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि ‘हे पाहा, झाले’ असे म्हणतो. बिल खरोखरच होते. परंतु शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, उलट हे आपल्या आवाक्यातले नाही हीच भावना त्याच्या मनात घट्ट होते.

पेढीवरील मुनीमजी साठीच्या पुढचे आहेत. धनत्रयोदशीला वहीपूजन त्यांच्याच हातून होते, आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे किती उधारी आहे हे त्यांना वही न उघडता सांगता येते. त्यांचा संगणकाला विरोध आहे असे मालकांना वाटते. मला तसे वाटत नाही. नातवाच्या वयाच्या मुलाने चारचौघांत आपल्या हातातून माऊस काढून घ्यावा, हे त्यांना रुचत नाही, आणि ते रुचू नये हेच योग्य आहे.

ज्यांनी आपापल्या ठिकाणी असा बदल घडवून आणला आहे, त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते सांगावे. विशेषतः जुनी वही आणि नवी प्रणाली ही दोन्ही किती काळ बरोबरीने चालवावीत, याबद्दल आमच्याकडे एकमत नाही.

आवक_जावक (इंदूर)

माझे मत थोडे कठोर वाटेल. आपण प्रशिक्षणावर नको तितका भर देता. वही उपलब्ध आहे तोवर माणूस वहीकडेच जाणार, कारण तिथे तो निष्णात आहे आणि इथे नवशिका. एक तारीख ठरवावी आणि त्या दिवसापासून वही कपाटात बंद करावी. पोहायला शिकवताना काठावरची व्याख्याने फार उपयोगी पडत नाहीत.

निवृत्त_रोखपाल (इंदूर)

आवक_जावक यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी बँकांचा अनुभव सांगतो, कारण या देशात नवे यंत्र सहकाऱ्यांच्या गळी उतरवण्याचा तो सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबलेला प्रयोग असावा.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली आणि त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतील नोंदी करणारी, यंत्रे येऊ लागली. संघटनांचा विरोध होता, त्यावर रीतसर करार झाले, आणि तो विरोध केवळ अडेलतट्टूपणाचा होता असे मी आजही म्हणणार नाही. नोकऱ्या जातील ही भीती पोकळ नव्हती. परंतु आमच्या शाखेत यंत्राला खरी मान्यता मिळाली ती कोणत्याही परिपत्रकाने नव्हे. बचत खात्यांवरील सहामाही व्याज आम्ही हाताने काढत असू आणि खातेवह्यांची बेरीज शाखेच्या एकूण हिशेबाच्या सामान्य खात्याशी जुळवत असू. फरक आला की तो सापडेपर्यंत रात्री शाखेत बसावे लागे. यंत्रावर चढवलेल्या वह्यांची बेरीज जेव्हा त्याच संध्याकाळी जुळू लागली, तेव्हा ज्यांनी यंत्राकडे पाठ फिरवली होती, त्यांनीच आपली वही आधी यंत्रावर घ्यावी असा आग्रह धरला.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये हेच अभ्यासातून दाखवले. एखादी प्रणाली माणूस वापरेल की नाही, हे ती किती सोपी वाटते यापेक्षा ती त्याच्या कामाला किती उपयोगी वाटते यावर अधिक अवलंबून असते. आपण शिकवणारे मात्र ‘फार सोपे आहे’ हेच पालुपद लावतो. एखाद्याला अवघड जाणाऱ्या गोष्टीला आपण सोपी म्हटले, तर तो मनातल्या मनात स्वतःला मंद समजू लागतो, एवढाच त्याचा परिणाम होतो.

यंत्राचा फायदा पुढे ग्राहकालाही झाला. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. प्रत्येक खात्याचा रोजचा हिशेब हाताने करायचा म्हटले असते, तर हे कधीच शक्य झाले नसते.

तेव्हा खातेवही यांना माझे सुचवणे असे की मुनीमजींना बिल बनवायला शिकवण्यापासून आरंभ करू नये. त्यांची संध्याकाळ कोणत्या कामात जाते ते आधी पाहावे आणि नेमके तेवढेच त्यांना प्रथम दाखवावे.

टंकनिका (इंदूर)

मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात टंकनाचे काम करते. आमच्याकडचा बदल हिशेबाचा नव्हता, अक्षरांचा होता, तरी दुखणे तेच होते.

जिल्हा न्यायालयातील आमचे हिंदी अर्ज आणि दावे वर्षानुवर्षे कृतिदेव फॉन्टमध्ये टंकले गेले. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की अर्थहीन अक्षरांची रांग दिसते, आणि जुन्या दाव्यातील पक्षकाराचे नाव शोधायला गेले तर सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षर हे देवनागरी म्हणूनच साठवले जाते, त्यामुळे तिकडे वळणे अटळ होते. कार्यालयातील दोन ज्येष्ठ टंकलेखक टंकयंत्रावरच्या रेमिंग्टन या कळांच्या मांडणीवर वाढलेले होते; कळफलकाकडे न पाहता त्यांची बोटे धावत असत. त्यांना सांगण्यात आले की आता इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी शिका. ती शास्त्रशुद्ध मांडणी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर टंकावा लागतो आणि यांच्या हाताला तो आधी टंकण्याची सवय. ज्यांचा वेग कार्यालयात सर्वाधिक होता, ते एका सकाळीत सर्वांत संथ झाले. त्यांचे चेहरे पाहवत नव्हते. एकाने तर डोळ्यांचे निमित्त सांगून काम सोडण्याची भाषा सुरू केली.

मार्ग निघाला तो असा. युनिकोडमध्येच रेमिंग्टन गेल नावाची मांडणी मिळते, तिच्यात हाताची सवय जवळजवळ तशीच राहते आणि साठवले जाते ते युनिकोड. मध्य प्रदेशातील सीपीसीटी या संगणक-कौशल्याच्या परीक्षेतही हिंदी टंकनासाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट हे दोन्ही पर्याय दिलेले असतात. आम्ही ती मांडणी बसवली. काही जोडाक्षरे आणि चिन्हे वेगळ्या जागी आहेत, तेवढ्यांची एक पट्टी छापून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवली. बाकी काहीही शिकवावे लागले नाही. तरुण मंडळी इनस्क्रिप्ट वापरतात, ज्येष्ठ रेमिंग्टन गेल वापरतात, आणि फाईल एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी कोणाला फरक कळत नाही.

म्हणून वाटते की प्रणाली बदलताना नेमके काय बदलणे आवश्यक आहे आणि काय आपण केवळ उत्साहाच्या भरात बदलत आहोत, हे आधी वेगळे करावे. अर्धी कटुता दुसऱ्या प्रकारातून येते.

तिसरी_पाळी (पिथमपूर)

टंकनिकाताईंचा मुद्दा कारखान्यात रोज अनुभवास येतो. आमच्याकडे वाहनांचे सुटे भाग बनतात. यंत्र का थांबले याची नोंद पूर्वी कागदी तक्त्यावर होत असे. मग प्रत्येक ओळीवर टॅबलेट आला. नोंदी येत राहिल्या, पण त्या साऱ्या पाळी संपतानाच्या दहा-पंधरा मिनिटांतल्या असत. म्हणजे कामगार दिवसभराचे आठवून एकदम भरत होते. वरिष्ठांनी त्याला बेशिस्त म्हटले.

टॅबलेट उघडून पाहिला तेव्हा कारणांची यादी तीन पडदे लांब आणि इंग्रजीत होती. हातात तेलाचे मोजे असताना तीन पडदे सरकवणार कोण? कामगारांच्या तोंडी असलेली कारणे त्यांनाच विचारून घेतली : ‘टूल टूटा’, ‘माल नहीं आया’, ‘सेटिंग’, ‘बिजली’, अशी मोजकीच. तेवढीच मोठ्या चौकोनांत ठेवली, उरलेली ‘इतर’मध्ये टाकली. नोंदी यंत्र थांबते त्या वेळेच्या होऊ लागल्या.

तरी एक ओळ मागेच राहिली. तिथे शिकवण्याची उणीव नव्हती. त्या ओळीवरचा पर्यवेक्षक रोज सकाळी टॅबलेटमधील थांब्यांची यादी काढून सर्वांसमोर ज्याच्या त्याच्या नावाने जाब विचारत असे. जो प्रामाणिकपणे नोंद करेल, तोच बोलणी खाईल अशी व्यवस्था असेल, तर कोणता शहाणा माणूस नोंद करेल? नवी प्रणाली आणताना पहिले काही महिने तिच्यातील माहिती कोणाच्याही विरुद्ध वापरली जाणार नाही, हे मालकाने स्वतः सांगावे लागते आणि पाळावेही लागते. ही गोष्ट शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात नसते, आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

आवक_जावक (इंदूर)

तिसरी_पाळी यांनी भीतीचा विषय काढलाच आहे, तर हिशेबातही तो आहे. टॅलीच्या एडिट लॉग आवृत्तीत कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली हे कायम राहते आणि ते बंद करता येत नाही. आता कायद्यानेच तसे आवश्यक केले आहे ना? मग मुनीमजींना चूक दुरुस्त करायचीही धास्ती वाटणारच.

निवृत्त_रोखपाल (इंदूर)

एक दुरुस्ती. बदलांची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून आहे हे खरे, परंतु ती कंपनी कायद्याखालील कंपन्यांना आहे. सियागंजातील बहुतेक पेढ्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या असतात. त्यांना तो नियम लागू होत नाही. तरीही नोंद राहणे चांगलेच, कारण सर्वजण एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने काम करत असतील, तर झालेल्या चुकीचा संशय नेहमी सर्वांत नवख्या माणसावर येतो. प्रत्येकाला स्वतःचे नाव दिले की तो संशयही मिटतो. बँकेत खोडाखोड केलेल्या आकड्याशेजारी आम्ही लघुस्वाक्षरी करत असू. तिची कोणाला लाज वाटत नसे.

खातेवही (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांवरून मधल्या काळात जे केले, ते सविस्तर लिहितो, म्हणजे त्यातील कच्चे दुवे आपल्याला दाखवता येतील.

प्रथम टॅलीत गेल्या महिन्याच्या बॅकअपवरून वेगळ्या फोल्डरमध्ये एक दुसरी कंपनी (टॅलीत हिशेबाच्या स्वतंत्र संचाला कंपनीच म्हणतात) उभी केली आणि तिला ‘सराव’ असे नाव दिले. त्यात आमचेच व्यापारी, आमचाच माल, आमचेच भाव आहेत. पुस्तकातल्या ‘अ’ आणि ‘ब’ या काल्पनिक व्यापाऱ्यांची बिले बनवण्यात कोणालाही रस नसतो. देवासच्या ज्या दुकानदाराशी मुनीमजींनी परवा फोनवर हुज्जत घातली, त्याचे बिल बनवण्यात असतो.

दुसरे, शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. त्या तरुणाला हे फार जड गेले. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट नेत आहे आणि आपण गप्प बसायचे, याला संयम लागतो. बोलण्याची मुभा आहे, पण तीही विचारल्यावर.

तिसरे, निवृत्त_रोखपाल यांच्या सल्ल्याप्रमाणे मुनीमजींना बिल दाखवलेच नाही, रोकड दाखवली. रोज संध्याकाळी गल्ल्यातील रोख आणि वहीतील शिल्लक ते जुळवतात, तेच टॅलीतल्या रोकड खात्याशी जुळवायला सांगितले. पहिल्या दिवशी आकडे टंकायला घेतले तर पडद्यावर आकडे उमटेनात, कर्सर मात्र इकडून तिकडे उड्या मारू लागला. मुनीमजींनी हात मागे घेतला आणि ‘बिगडवले की काय मी?’ असे विचारले. आकड्यांच्या बाजूचे नमलॉक बंद होते, इतकेच. ज्याला आपण क्षुल्लक समजतो, तिथेच नवा माणूस अडतो, आणि त्याला कोणी ते आधी सांगितलेले नसते. आता नमलॉकच्या कळीवर लाल ठिपका लावला आहे.

चार-सहा संध्याकाळी गेल्या असतील, तोच मुनीमजींनी एक नोंद पकडली. महूच्या एका व्यापाऱ्याची जमा त्याच नावाच्या धारच्या व्यापाऱ्याच्या खात्यात पडली होती. बेरीज तंतोतंत जुळत होती, त्यामुळे ती त्या तरुणाला दिसणे शक्यच नव्हते. ‘धारवाला इतकी रक्कम एकदम कधी देतच नाही’, असे मुनीमजी म्हणाले. तेव्हापासून जमेच्या नोंदी दिवसाअखेर त्यांच्या नजरेखालून जातात आणि तो तरुण काही अडले तर आपणहून त्यांच्याकडे जातो. मालकांनी त्यांना स्वतंत्र नाव आणि पासवर्ड दिला आहे. बिले मात्र ते अजून बनवत नाहीत, आणि त्यांनी ती बनवावीत असा आग्रह मी सोडून दिला आहे. गोदामातील दोघे आता बिले बनवतात, तेवढे पुरेसे आहे.

गोदामातील मंडळींचे वेगळेच होते. त्यांना पडदा कळत होता, भीती जीएसटी क्रमांकाची होती. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होते. त्यांना क्रमांकाची रचना समजावली : पहिले दोन अंक राज्याचे, मध्य प्रदेशासाठी २३, पुढची दहा अक्षरे म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन, ज्यात पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर असते, चौदावे अक्षर सहसा झेड. कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक हे कळल्यावर गल्लत जवळपास थांबली. ‘असेच टंका’ असे सांगण्यापेक्षा ‘असे का आहे’ हे सांगायला थोडाच वेळ जास्त लागला.

टंकनिका (इंदूर)

फार छान. एक शंका आहे. सराव कंपनीत कोणी चुकून ई-इनव्हॉइस पाठवले तर?

खातेवही (इंदूर)

योग्य शंका. बॅकअपवरून कंपनी उभी केली की मूळ कंपनीची ई-इनव्हॉइसची सेटिंगही तिच्यात जशीच्या तशी येतात. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी त्या कंपनीतील ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचे ऑनलाइन बिल) दोन्ही बंद केले, आणि पोर्टलचा पासवर्ड फक्त त्या तरुणाकडे आणि माझ्याकडे ठेवला. खऱ्या कंपनीत चूक झालीच, तर पोर्टलवर ते बिल चोवीस तासांच्या आत रद्द करता येते; मात्र तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, नवा घ्यावा लागतो. चोवीस तास उलटले की पोर्टलवर ते रद्द होत नाही, सहसा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम परत जमा दाखवणारा कागद, काढावी लागते. ही मुदत गोदामातील दोघांना पहिल्याच दिवशी सांगितली होती. चूक परतवता येते, आणि कधीपर्यंत परतवता येते, हे ठाऊक असल्याने त्यांचा हात मोकळा झाला असे माझे निरीक्षण आहे.

तिसरी_पाळी (पिथमपूर)

वहीचे काय ठरले? मूळ प्रश्न तोच होता.

खातेवही (इंदूर)

दोन्ही वह्यांना एकच नियम लावला नाही. गोदामाची आवक-जावक वही महिनाअखेरीस बंद केली. तिथे आवक_जावक यांचे म्हणणे तंतोतंत पटले : दोन ठिकाणी लिहावे लागले की माणूस दोन्हीकडे अर्धवट लिहितो आणि माल मोजताना कोणती नोंद खरी यावरून वाद होतो. तारीख आधीच सांगितली होती, आणि त्या आठवड्यात तो तरुण बिलाच्या खोलीत न बसता गोदामातच बसला.

मुनीमजींची रोकड वही मात्र चालू आहे. तिचा कोणाला त्रास नाही, आणि त्या दिवशी वीज गेली तेव्हा उधारी वसुलीला निघालेल्या माणसाला आकडे तिच्यातूनच मिळाले. मार्चअखेर मालक तिचा विचार करतील.

आवक_जावक (इंदूर)

रोकड वहीबाबत माझे मत अजूनही वेगळे आहे. विजेसाठी इन्व्हर्टर घ्यावा आणि उधारीची यादी रोज संध्याकाळी छापून ठेवावी. परंतु गोदामात शिकवणाऱ्याला बसवण्याची कल्पना मी आमच्या वाहतूक कार्यालयात करून पाहणार आहे. आमच्याकडे बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, बनवणारे वरच्या मजल्यावर आणि त्यांना शिकवणारा खाली बसतो, त्यामुळे प्रत्येक शंका फोनवर विचारावी लागते आणि अर्ध्या शंका विचारल्याच जात नाहीत. तो तरुण तिथे पूर्ण वेळ बसत होता की ठरावीक तास?

खातेवही (इंदूर)

ठरावीक तास. सकाळी गाड्या भरण्याच्या वेळी आणि संध्याकाळी शेवटची गाडी निघेपर्यंत. दुपारी तो मुद्दाम तिथे नसे, म्हणजे त्या वेळची तुरळक बिले दोघांना आपसांत विचारून करावी लागत. अडलेले बिल त्यांनी सोडून द्यायचे नाही, बाजूला ठेवून त्यावर पेन्सिलीने काय अडले ते लिहायचे, असे ठरवले होते. संध्याकाळी त्या चिठ्ठ्यांपासूनच शिकवणे सुरू होत असे. आपल्याकडे बिल्ट्या रात्रीही बनत असतील, तर रात्रपाळीच्या चिठ्ठ्या सकाळी कोण पाहणार, ते आधी ठरवून घ्यावे.